कवळी बसवायची आहे? ठाणे-नवी मुंबईकरांनी दात काढण्याआधीच वाचावं असं काही

हिरड्यांच्या आजारात माझे वरचे सगळे आणि खालचे बहुतेक दात गेले. पहिली कवळी मी घराजवळच, घाईघाईत करून घेतली. शेवटचा दात काढून पंधरा दिवसही झाले नव्हते. तीन फेऱ्यांत कवळी हातात आली आणि चार महिन्यांत बोलता बोलता वरची खाली यायला लागली. मग दुसरी कवळी नेरुळच्या एका डेंटल कॉलेजात केली. तिला आठ फेऱ्या पडल्या आणि ती मी आज चौथं वर्ष वापरते आहे. पहिल्या वेळी जे कोणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, ते सगळं इथे लिहिते आहे. स्वतःसाठी करणार असाल किंवा आई-वडिलांना घेऊन जाणार असाल, तर पहिला दात काढण्याआधी हे वाचा. काही निर्णय दात काढल्यावर घेता येत नाहीत.

१. आधी ठरवा: नक्की काय बसवायचंय?

एक-दोनच दात गेले असतील तर ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का दात), इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) किंवा काढघालीची अर्धी कवळी असे पर्याय असतात. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात, हे आधी समजून घ्या. अर्धी कवळी अ‍ॅक्रिलिकची म्हणजे कडक प्लास्टिकची, धातूच्या सांगाड्याची किंवा लवचिक अशी मिळते. लवचिक कवळीला तारा दिसत नाहीत म्हणून ती बऱ्याच जणांना आवडते, पण ती मोडली किंवा सैल झाली तर दुरुस्त करणं अवघड जातं. धातूची पातळ आणि मजबूत असते, पण खर्च जास्त.

सगळेच दात काढायला सांगितले असतील तर हा प्रश्न नक्की विचारा: "डॉक्टर, खालचे दोन दात वाचवता येतील का?"

कारण वरची आणि खालची कवळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरच्या कवळीला सगळी टाळू मिळते. तिच्या आणि टाळूच्या मध्ये लाळेचा पातळ थर बसतो आणि त्यावर ती धरून राहते. खालच्या कवळीला मात्र घोड्याच्या नालेएवढी अरुंद जागा, आणि मध्ये सतत हलणारी जीभ. शिवाय दात गेल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा जास्त झिजतं. म्हणून खालची कवळी उत्तम केली तरी थोडी हलतेच. दोन मजबूत मुळं, विशेषतः सुळ्यांची, राहिली असतील तर रूट कॅनॉल करून ती हिरडीपाशी कापतात आणि त्यांच्यावर कवळी बसवतात. मूळ राहिलं की भोवतालचं हाडही टिकतं. सगळे दात आधीच गेले असतील तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांच्यावर टिचबटणासारखी अडकणारी कवळी करता येते. खर्च जास्त असतो. पण पैसे कुठे घालायचे हा प्रश्न असेल, तर मी वरच्यापेक्षा खालच्या जबड्यावर घालेन.

२. कुठे जायचं

आपल्या भागाचं भाग्य असं की डेंटल कॉलेजं हाताशी आहेत. डॉ. डी. वाय. पाटील आणि तेरणा नेरुळला, भारती विद्यापीठाचं सीबीडी बेलापूरला, वाय.एम.टी. खारघरला, एमजीएम कामोठ्याला. ठाण्याहून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची नेरुळ किंवा पनवेल लोकल पकडली (वाशीची नव्हे) की थेट नेरुळ येतं. मध्य रेल्वेने जाणं सोयीचं असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे आणि पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रलला नायरचं.

कॉलेजात विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. त्यामुळे खर्च कमी आणि वेळ जास्त. एकेका फेरीत दोन-अडीच तास धरूनच निघा. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात तारखा पुढे जातात, म्हणून "तुमची पोस्टिंग (या विभागातली नेमणूक) कधी संपतेय?" हे पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला विचारून ठेवा. माझ्या वेळी मधेच विद्यार्थिनी बदलली आणि नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं.

खासगीत जाणार असाल तर कवळीतले तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये (कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेत) एमडीएस, म्हणजे बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतरची पदवी, केलेले डॉक्टर. साधे बीडीएस डॉक्टरही चांगल्या कवळ्या करतात, पण हाड फार झिजलेलं असेल किंवा आधीची कवळी फसली असेल तर तज्ज्ञाकडेच जा. बोर्डावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. खर्चाचा अंदाज कागदावर मागा आणि त्यात दात काढणं, एक्स-रे, कवळी आणि नंतर टोचणारी जागा घासून घेण्याच्या फेऱ्या धरल्या आहेत की नाही ते विचारा. नंतरच्या फेऱ्यांचे पैसे वेगळे लागले की माणूस जायचं टाळतो आणि तिथेच कवळी डब्यात पडते.

एका सापळ्यापासून मात्र कटाक्षाने लांब राहा. "एका तासात दात" असं सांगून तोंडातच प्लास्टिक ओतून तारांनी दात पक्के करणारे लोक अजून भेटतात. नोंदणी नसताना दंतवैद्यकी करणं बेकायदा आहे. असे पक्के केलेले दात साफच करता येत नाहीत. आत अन्न कुजतं, हिरडी सडते आणि शेजारचे धडधाकट दातही जातात. तसंच, कवळी पडू नये म्हणून तिच्या आत रबराची चकती बसवून देतो असं कोणी म्हणालं, तर उठून या. त्या चकतीच्या ओढीने टाळूला भोक पडल्याची उदाहरणं दंतवैद्यकात नोंदलेली आहेत.

उत्पन्न कमी असलेल्या, ६० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून आहे. काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही तिच्यात मोडते. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी लेखी विचारून घ्यावं, नंतर बिलावरून वाद नकोत.

३. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड, आणि कॉलेजात सवलत विचारायची असेल तर रेशनकार्ड
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, ते जास्त सोपं)
- साखरेचा आणि रक्तदाबाचा अलीकडचा रिपोर्ट
- आधी काढलेला ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र) एक्स-रे असेल तर तो
- दात असतानाचा, हसरा, समोरून काढलेला जुना फोटो
- जुनी कवळी, कितीही वाईट असली तरी

गोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दात काढायचे म्हणून मनाने बंद करू नका. दंतवैद्य आणि तुमचे हृदयाचे डॉक्टर यांचं बोलणं होऊ द्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते सांगायलाच हवं. त्या औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. माझ्या धाकट्या जावेला "दातांचा आणि हाडांच्या इंजेक्शनचा काय संबंध" असं वाटलं म्हणून ती बोलली नव्हती. नर्सने खोदून विचारलं म्हणून बरं झालं. डोक्या-मानेला कधी रेडिएशन दिलं असेल तर तेही पहिल्या भेटीतच सांगा.

४. दात काढल्यानंतर थांबा

हिरडी वरून आठवड्या-दोन आठवड्यांत मिटते, पण आतलं हाड महिनोन्‌महिने आकार बदलत असतं. सर्वांत जास्त झीज पहिल्या काही महिन्यांत होते. म्हणून मापासाठी साधारण सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिनेही थांबायला सांगतात. मी थांबले नाही. माझ्या पहिल्या कवळीचं माप सुजलेल्या हिरडीचं होतं. सूज उतरली, हाड बसलं, कवळी मात्र होती तेवढीच राहिली.

घरात लग्न आहे, नोकरी चालू आहे, बिनदाताचं राहणं शक्य नाही, असं असेल तर तात्काळ कवळी करतात. तिची मापं आधीच घेऊन ठेवतात आणि दात काढल्या दिवशीच ती बसवतात. त्यात गैर काही नाही. पण ती काही महिन्यांत सैल होणार आणि तिला आतून अस्तर लावावं लागणार किंवा नवी करावी लागणार, हे धरूनच खर्चाचा हिशेब करा.

थांबण्याच्या काळात मऊ भात, मुगाची खिचडी, उकडलेली अंडी, ताकातली भाकरी, पनीर कुस्करून, असं पोटभर खा. नुसत्या पेजेवर राहून बरेच ज्येष्ठ या दिवसांत खंगतात.

५. मापं आणि बाइट

पहिल्या मापात तोंडात ट्रे घालून त्यात मऊ लगदा भरतात. उमासा येतो. नाकाने श्वास घ्या, मान किंचित पुढे झुकवा आणि भरल्या पोटी जाऊ नका. त्यावरून तुमच्याच जबड्याचा खास ट्रे बनतो आणि दुसरं, पक्कं माप घेतात. या वेळी डॉक्टर गाल ओढतात, ओठ हलवायला लावतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. लाजू नका, सांगतील तेवढं पूर्ण करा. कवळीची कड कुठे थांबली पाहिजे ते या हालचालींवरून कळतं.

पुढच्या फेरीत मेणाच्या पट्ट्या लावून वरचा आणि खालचा जबडा कुठे मिटतो ते ठरवतात. यालाच बाइट घेणं म्हणतात. बिनदाताच्या माणसाला जबडा पुढे काढायची सवय लागलेली असते. डॉक्टर म्हणतील, "जीभ मागे टाळूला लावा आणि मिटा." तसंच करा, घाई करू नका. इथे चूक झाली तर पुढे दात एकमेकांवर बसतच नाहीत.

६. मेणाची ट्रायल: इथे बोलायचं, सगळं बोलायचं

या फेरीला दात मेणात लावलेले असतात. दात काढता येतात, पुढे-मागे करता येतात, रंग बदलता येतो. यानंतर कवळी लॅबमध्ये जाते, मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक येतं आणि मग फार तर थोडं घासता येतं. म्हणून या दिवशी वेळ काढून जा आणि तुमच्या तोंडावर स्पष्ट बोलणारं घरचं एक माणूस सोबत न्या. मी माझ्या मुलीला नेलं होतं. ती एका नजरेत म्हणाली, "आई, तू अशी नव्हतीस. तुझे पुढचे दोन थोडे मोठे होते." जुना फोटो काढला, डॉक्टरांनी दात बदलले. आज मला कोणी "कवळी आहे का?" असं विचारत नाही, ते त्या दिवसामुळे.

काय काय बघायचं? आरसा हातात घेऊन नका बघू, उभं राहून भिंतीवरच्या आरशात बघा, कारण लोक तुम्हाला तेवढ्या अंतरावरून बघतात. ओठ सहज मिटतात का? मिटायला ओढावे लागत असतील तर दात उंच झालेत. उलट गाल आत, हनुवटी नाकाजवळ आणि तोंड म्हातारं दिसत असेल तर उंची कमी पडली आहे. हसल्यावर गुलाबी प्लास्टिक किती दिसतं? रंग खिडकीच्या उजेडात बघा. साठीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात खोटे दिसतात, थोडी पिवळसर छटा घ्या.

मग मोठ्याने साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट… आपल्या मराठीचे हे आकडे स आणि ष्टने भरलेले आहेत. म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटून टकटक वाजत असतील तर लगेच सांगा. त्यानंतर "फणस, वावडी, फावडं" म्हणा. फ आणि व अडखळत असेल तर पुढचे दात हलवावे लागतील.

पटलं नाही तर दुसरी ट्रायल मागा. भीड धरू नका. विद्यार्थिनीचा चेहरा उतरला म्हणून "ठीक आहे, चालेल" म्हणणाऱ्या दोन बायका मी त्याच बाकावर पाहिल्या. त्यातली एक महिन्याने तक्रार घेऊन आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आई-वडिलांसाठी करत असाल तर कवळीच्या आतल्या बाजूला त्यांचं नाव घालता येईल का ते याच वेळी विचारा. हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते, तेव्हा ते उपयोगी पडतं.

७. कवळी हातात आल्यावरचे पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवशी तोंडात दगड भरल्यासारखं वाटतं आणि लाळ सुटत राहते. तोंडाला ती खाण्याची वस्तू वाटते म्हणून असं होतं. काही दिवसांत लाळ आपोआप आवरते.

दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने दाखवायला बोलावतात. कुठेतरी टोचणारच, लाल होणारच. इथे सगळ्यात मोठी चूक होते: दुखतं म्हणून माणूस कवळी काढून ठेवतो आणि डॉक्टरांकडे रिकाम्या तोंडाने जातो. तोवर लालपणा गेलेला असतो आणि नेमकं कुठे घासायचं ते त्यांना दिसत नाही. दुखत असेल तर काढून ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, पण दाखवायला जायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी ती घालून राहा. आणि घरी पॉलिश पेपर, कानस, नेलकटर काही लावू नका. चुकीच्या जागी एकदा घासलं की वरच्या कवळीची पकड जाते, ती परत येत नाही.

खाताना छोटे घास घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. पेरू, सफरचंद, कणीस सुरीने कापून मागच्या दातांखाली घ्या. पहिला आठवडा वरण-भात, दुसऱ्यात मऊ पोळी कुस्करून, तिसऱ्यात भाजी-पोळी. कवळीने चावायची ताकद खऱ्या दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते, तेव्हा जेवायला वेळ लागणार. घरच्यांनी ताट उचलायची घाई करू नये. गरम चहा सांभाळून प्या, टाळू झाकलेली असल्याने चटका उशिरा कळतो. ठाण्यातली मामलेदारची मिसळ मी सहाव्या आठवड्यानंतर खाल्ली. फरसाण कवळीखाली जातं, म्हणून आता ते तर्रीत पूर्ण भिजू देते आणि मग खाते.

बोलण्यासाठी रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचा. दोन आठवड्यांत फरक पडतो.

चिकटवण्याची पेस्ट मिळते. नीट बसलेल्या कवळीला अधूनमधून, वाटाण्याएवढी लावायला हरकत नाही. पण रोज जास्त जास्त लागत असेल तर कवळी सैल झाली आहे. जस्त असलेल्या पेस्टचा वर्षानुवर्षं अतिवापर करणाऱ्यांना नसांचे त्रास झालेले आहेत, तेव्हा सैल कवळी पेस्टवर ढकलत राहू नका.

८. रोजची निगा

प्रत्येक जेवणानंतर काढून पाण्याखाली धुवा. रात्री मऊ ब्रश आणि हात धुण्याच्या साध्या साबणाने आतून-बाहेरून घासा. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू राहतात. राखुंडी किंवा मिश्री तर मुळीच नको. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल अंथरा. बहुतेक कवळ्या फुटतात त्या याच वेळी, हातातून निसटून. उकळतं पाणी घालू नका, कवळी वाकते.

झोपताना कवळी काढायचीच. हिरडीला मोकळी हवा आणि विश्रांती लागते. रात्रंदिवस घालून ठेवणाऱ्यांच्या टाळूला बुरशी धरते आणि ती लाल होते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. लहान अर्धी कवळी झोपेत गिळली जाण्याचीही भीती असते. रात्रभर साध्या पाण्याच्या डबीत बुडवून ठेवा, सुकली तर आकार बिघडू शकतो. कवळी साफ करायच्या फेसाळ गोळ्या त्या पाण्यात टाकायच्या, तोंडात नव्हे, आणि सकाळी कवळी भरपूर धुऊन मगच घालायची. धातूची असेल तर ब्लीच लावायचं नाही.

कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने किंवा ब्रशने हळुवार साफ करा. हे निम्मे लोक विसरतात. बाहेर जेवताना कवळी कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, ती उष्ट्यांबरोबर जाते. पर्समध्ये डबी ठेवा.

९. परत केव्हा जायचं

दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड दाखवायचं. डॉक्टर हिरडी, जीभ आणि गाल बघतात. तोंडात कुठलाही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा राहिला, तर कवळी लागली असेल असं म्हणून थांबू नका. तंबाखू, मिश्री किंवा सुपारीची सवय असलेल्यांनी तर अजिबात नाही.

हाड झिजत राहतं, त्यामुळे काही वर्षांत कवळी सैल होते. तेव्हा आतून नवं अस्तर लावतात, त्याला रीलाइन म्हणतात. साधारण पाच ते सात वर्षांनी दातही झिजतात आणि नवी करावी लागते.

मोडली तर फेविक्विक लावू नका. तुकडे किंचित चुकीचे जुळले तरी लॅबला मग नीट जोडता येत नाही. सगळे तुकडे, अगदी निखळलेला एक दातसुद्धा, डबीत घालून न्या. ऑपरेशनसाठी भरती झालात तर भूल देण्याआधी कवळी असल्याचं सांगा आणि ती घरच्यांच्या हातात द्या.

नवी झाली म्हणून जुनी कवळी फेकू नका. रीलाइनला गेलेली कवळी कधीकधी रात्रभर लॅबमध्ये राहते. माझी गेली तेव्हा दुसऱ्याच दिवशी भाचीचा साखरपुडा होता, आणि मी ती सैल, पहिली कवळी थोडी पेस्ट लावून घालून गेले.